ओळीतली सातवी

आक्काला शेडमधल्या नळाखाली हात धरताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं तिनं मिरचीचे देठ खुडले. डब्याची वेळ झाली की बाकीच्या बाया बोटं फुंकत नळाकडे पळायच्या, आक्का जागची हलायची नाही. कोरड्या फडक्याला हात पुसायची आणि डबा उघडायची. "एवढी आग सोसत नाही तर मिरचीत कशाला बसता? कापसात जाऊन बसा," हे तिचं ठरलेलं बोलणं. बायांना ते पाठ होतं. तिच्या माघारी त्या तिची नक्कल करायच्या, आणि आक्काला तेही ठाऊक होतं.

नळावर पत्र्याची पेटी होती, पेटीला कुलूप, आणि किल्ली आक्काच्या गळ्यातल्या दोरीत. मालकाचा नियम होता, ओला हात मालाला लागता कामा नये. ओल लागली की मिरची पोत्यात काळी पडते, आणि एक पोतं काळं पडलं की शेजारची चार पडतात. नळ दिवसातून दोनदाच उघडायचा, डब्याला आणि सुटताना. मधे कुणी आडवं पडलं तरी नाही. नऊ वर्षांपूर्वी मालकानं ती किल्ली हातात दिली तेव्हा घर येईपर्यंत आक्कानं मूठ उघडली नव्हती.

बाया बारा. समोरासमोर दोन ओळी, सहा इकडे, सहा तिकडे, मधे मिरचीचा ढीग. प्रत्येकीच्या बुडाखाली पालथा डबा. जागा आक्का ठरवायची आणि दिलेली जागा बदलायची नाही. ती स्वतः दाराशी. दारातून वारा येतो आणि दारातूनच मालक येतो, दोन्ही आधी तिला लागायचे. तिच्या बरोबर समोर, दुसऱ्या ओळीत दाराशी, चिमणी. "ही वजनकाट्यावर उभी राहिली तरी काट्याला कळत नाही," असं ओळीतली ढोली म्हणायची. चिमणीच्या घरात एक आंधळा बाप, दुसरं कुणी नाही. ती घरून पाण्याची बाटली आणायची, तिच्यात एक चिंधी भिजवून ठेवायची आणि कुणाच्या डोळ्यात बी उडालं की न बोलता चिंधी पुढे करायची. ते नियमात बसत नव्हतं. आक्का तेवढा वेळ दाराबाहेर बघायची.

सुनेला मात्र आक्कानं सगळ्यात लांब बसवलं होतं, समोरच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला, वजनकाट्यापाशी. तिथं पोती रिकामी करतात. पोतं ओतलं की खकाणा पहिला तिच्या नाकात जायचा. शेजारी बसवली असती तर बाया म्हणाल्या असत्या, घरचीला वारा दिला. आक्काला कुणाचं बोलून घ्यायची सवय नव्हती. लेक मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याची बायको कुठं बसते हे त्यानं कधी विचारलं नाही.

त्या वर्षी आभाळ उघडेचना. मिरची वाळायच्या दिवसांत सगळीकडे दमटपणा, माल येईल तो मऊ, देठ तुटायच्या ऐवजी सालीसकट निघायचा. वरच्या रस्त्यावरच्या दोन शेड बंद पडल्या. तिथल्या बाया सकाळी इथल्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, कुणी आजारी पडलंय का, कुणाची जागा रिकामी आहे का बघायला. आक्का त्यांच्या समोरून मान ताठ ठेवून आत जायची. पण आत गेल्यावर तिच्या बारा बाया एकमेकींकडे बघायच्या आणि कुणी खोकायचीसुद्धा नाही.

अशा दिवसांत धाकटीनं संशोधनाचं काढलं.

धाकटी म्हणजे आक्काची लेक. समाजकार्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, राहिला होता तो एक प्रकल्प. एकटीनं विषय घ्यायचा, एकटीनं माणसांना भेटायचं, एकटीनं लिहायचं आणि मग परीक्षकांपुढे बसून उत्तरं द्यायची. तो झाला तर पदवी, नाही तर दोन वर्षं पाण्यात.

"कशावर लिहिणारेस?" आक्कानं विचारलं.

"तुमच्यावर. देठ खुडणाऱ्या बायांचं काम आणि आरोग्य."

"आमच्यात काय शोधायचंय? जातो, खुडतो, येतो. हरवलंय काय आमचं?"

"तेच शोधायचंय, आई."

आक्का फिसकन हसली, पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनं तीन बायांना तीन वेळा सांगितलं, की लेकीला शिकायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून आता ती आपल्याला शिकणार आहे.

कॉलेजला मालकाच्या सहीचं परवानगीपत्र हवं होतं. आक्कानं आजवर मालकाकडे काही मागितलं नव्हतं, सुट्टीसुद्धा नाही. लोखंडी जिन्यानं ती वर काचेच्या खोलीत गेली. तिथून सगळी शेड खाली दिसायची. मालक गोड बोलणारा माणूस. त्यानं पत्र दोनदा वाचलं.

"तुझी लेक म्हणजे आमचीच लेक," तो म्हणाला. "करू दे अभ्यास. फक्त एक प्रत इथं आली पाहिजे, बांधलेली. आमच्या शेडबद्दल काय लिहिलंय ते आम्हाला कळायला नको?"

"मी स्वतः आणून देईन," आक्का म्हणाली.

सही झाली, शिक्का बसला. जिना उतरताना आक्काला तो कागद मिरचीच्या हातांनी धरवेना. दोन बोटांच्या कडेत धरून ती खाली आली.

धाकटी आठवडाभर शेडमध्ये येत होती. तिनं रोज दोन-दोन बाया घेतल्या. पालथा डबा घ्यायची, बाईच्या शेजारी टेकायची, मांडीवर वही. पहिली आक्का.

"किती वर्षं हे काम करता?"

"तुझ्या वयापेक्षा जास्त. लिही."

"काही त्रास?"

"नाही."

"हातांची आग, खोकला, डोळे..."

"नाही म्हटलं ना? तुला ऐकायला येत नाही का? लिही, त्रास नाही."

धाकटीनं लिहिलं. मग जरा थांबून तिनं विचारलं, "नळाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," आक्का बायांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हे मोठ्या अक्षरात लिही."

मग धाकटी ओळीनं पुढे सरकत गेली. ढोलीपाशी गेली तेव्हा अख्खी शेड कान देऊन बसली.

"हातांची आग किती वेळ राहते?" धाकटीनं विचारलं.

"ते माझ्या नवऱ्याला विचार बाई," ढोली म्हणाली. "मी जवळ गेले की तो खाटेवरून उडी मारतो. पाच वर्षं झाली, दुसरं मूल झालं नाही ते काय उगाच?"

बाया हसता हसता ठसकल्या. आक्का ओरडली, "हात चालू द्या!" पण तिच्याही ओठाची कड हलली होती.

सगळेच प्रश्न हसण्यासारखे नव्हते. दिवसभरात लघवीला किती वेळा जाता, असं विचारलं की बाया ढिगाकडे बघायच्या. हात धुता येत नाहीत, आणि त्या हातांनी कपडे सोडायचे, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचंच नाही, हे एकीनं सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. "तेही लिहितेस?" एकीनं विचारलं. "लिही बाई. पण माझं नाव घालू नकोस."

पहिली ओळ काट्यापाशी संपली. तिथून धाकटी पलीकडच्या ओळीत गेली आणि भावजयीपाशी टेकली. बाकी कुणापाशी ती तासभरावर बसली नव्हती, इथं डब्याच्या वेळेपासून सुटायच्या वेळेपर्यंत बसली. पंख्याचा खडखडाट त्याच कोपऱ्यात. आक्काला सुनेचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हता. सून खाली मान घालून खुडत होती आणि बोलत होती. हात एकदाही थांबला नाही. एकदा फक्त धाकटीनं वही मिटली आणि थोड्या वेळानं परत उघडली.

"एवढं काय सांगत होतीस गं?" वाटेत आक्कानं विचारलं.

"विचारलं ते सांगितलं, आत्या," सून म्हणाली. ती सासूला आत्या म्हणायची.

शेवटी दुसरी ओळ दाराशी संपली, चिमणीपाशी. चिमणीची मुलाखत पाव तासात उरकली. आक्का समोरच होती, तिला सगळं ऐकू आलं. "बरं आहे," चिमणी म्हणत होती. "सगळं बरं आहे, ताई. असंच लिही. बरं आहे."

नंतर महिनाभर धाकटी घरात लिहीत होती. लिहायची, कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंकडे न्यायची, त्या लाल रेघा मारून परत द्यायच्या, ही पुन्हा लिहायची. तिचे डोळे सुजले, जेवणावरची वासना गेली. सून भांडी घासताना आवाज होऊ द्यायची नाही. आक्का समोर बसून बघायची. ती दुसरी इयत्ता शिकलेली, अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, पण आकडे तिला कधी चकवायचे नाहीत.

"नावं कुठं दिसत नाहीत?" एकदा तिनं विचारलं.

"नावं घालायची नसतात. कोण काय बोललं ते कळता कामा नये, म्हणून प्रत्येकीला क्रमांक द्यायचा." धाकटीनं कपाळ चोळलं. "कोणता कुणाला द्यावा तेच ठरवतेय. सरमिसळ केली की माझाच घोळ होतो, परत बाई विचारतात हे वाक्य कुणाचं."

"मग ओळीनं घाल की. बसतात तशा. डोकं कशाला शिणवतेस?"

"ओळीनं?"

"दारापासून. तू फिरलीस तशी. पहिला माझा. नऊ वर्षं ओळ सांभाळते मी, मला काय मधे कुठं नववी-दहावी करणार होतीस?"

धाकटी हसली. थकली होती, सोपं वाटलं. तिनं एक घातला, मग दोन, मग तीन.

पुस्तक बांधून आलं तेव्हा त्याला काळी कडक पाठ होती आणि वर सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि बाकी वेळ कौतुकच केलं. घरी आल्यावर धाकटीनं आईला पहिलं पान वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, माझ्या आईच्या हातांना. आक्कानं ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि मग, "हातांना कशाला? आईला म्हण की सरळ," असं म्हणून आत निघून गेली. आत बराच वेळ काहीतरी आवरत होती, आवरण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मालकाची प्रत तिनं धुतलेल्या टॉवेलात गुंडाळली आणि शेडमध्ये आणली. बायांना लांबूनच दाखवली. "हात लावू नका, डाग पडतील." मग जिना चढून मालकाच्या टेबलावर ठेवली. उतरताना दोन्ही हात रिकामे होते, तरी तिला उगाच काहीतरी भरलेलं घेऊन उतरल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मालकानं वर बोलावलं.

पुस्तक टेबलावर उघडं होतं, त्यात एक पेन आडवं. मालकानं बसायला सांगितलं. आजवर त्यानं तिला बसायला सांगितलं नव्हतं. आक्का उभीच राहिली.

"लेक हुशार आहे," तो म्हणाला. "छान लिहिलंय. मी सगळं वाचलं. हे बघ, 'उत्तरदाती क्रमांक एक. नळाची किल्ली यांच्याकडे असते. यांना कामाचा कोणताही त्रास नाही.' ही तू."

"हो."

"आता हे ऐक. 'उत्तरदाती क्रमांक सात.'" त्यानं चष्मा लावला आणि शाळेतल्या पोरासारखं सावकाश वाचायला सुरुवात केली. "'मला पाचवा महिना होता. सकाळपासून पोटात कळ येत होती. हातांची आग अंगभर पसरली होती. मी उठून किल्ली असलेल्या बाईंकडे गेले आणि नळ उघडा म्हणाले. त्यांनी वर काचेकडे पाहिलं. मालक उभे होते. त्या म्हणाल्या, वेळ झाली नाही, जागेवर बस. मी जागेवर जाऊन बसले. एका बाईनं तिची बाटली दिली. डब्याच्या वेळेपर्यंत मी ज्या डब्यावर बसले होते तो ओला झाला होता. ते पाणी नव्हतं.'"

मालकानं चष्मा काढला.

आक्काच्या कानात पंखा फिरायला लागला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळीबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली होती, होतं असं कधी कधी, कशानंही होतं. आक्कानं तेवढंच उचललं होतं, कशानंही होतं. सून आठ दिवस पडून होती आणि नवव्या दिवशी आपल्या डब्यावर येऊन बसली होती. तो डबा आदल्या संध्याकाळी कुणीतरी घासून ठेवला होता. आक्कानंच घासला होता. सगळ्या बाया गेल्यावर, मातीनं, पाणी न घेता.

"असं माणूस ओळीत नको," मालक म्हणत होता. "आज हिला सांगितलं, उद्या कुणा तपासनिसाला सांगेल. माल कमी आहे, बाहेर बाया उभ्या आहेत, मला काही अवघड नाही. सातवी कोण, आक्का?"



मालक काचेपाशी गेला आणि बोटानं मोजायला लागला. "एक तू, दाराशी. दोन, तीन, चार, पाच, सहा. ही ओळ संपली. मग परत दाराकडून. सात." त्याचं बोट थांबलं. "तुझ्या समोरची. ती बारकी. हीच ना?"

खाली चिमणी बसली होती. तिच्या पायाशी बाटली होती.

धाकटी परत दाराकडून मोजत आली नव्हती. ती फिरत गेली होती, काट्यापाशी वळली होती. हे बारा बायांना माहीत होतं, मालकाला माहीत नव्हतं. आक्कानं एवढंच म्हणायचं होतं, की मालक, मोजणी चुकली. मग त्यानं विचारलं असतं, बरोबर कुठली? मग काट्यापाशी बोट गेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं असतं, की आक्काच्या तोंडावर आक्काच्याच सुनेनं थुंकलं, आणि ते आक्काच्याच लेकीनं सोनेरी अक्षरांत बांधून आणलं.

"बरोबर ना? मोजण्यात तू कधी चुकत नाहीस."

"बरोबर," आक्का म्हणाली.

"मग तिला सांग, उद्यापासून येऊ नको. आणि ती नळाची पेटी काढून टाक. हे पुस्तक कॉलेजनं कुठं कुठं पाठवलं असेल कुणास ठाऊक. शेवटी शिफारशीत पहिलीच ती आहे, नळ दिवसभर खुला ठेवावा. ठेवू. आपण काय राक्षस आहोत?"

सुटायच्या वेळी बाया नळाकडे गेल्या तेव्हा आक्कानं चिमणीला दाराबाहेर थांबवलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

चिमणी हसली. तिला वाटलं, माल नाही म्हणून. "किती दिवस, आक्का?"

"येऊच नकोस. मालकानं पुस्तक वाचलंय."

"पण मी तर काही..." चिमणीनं फडक्याला हात पुसले, परत पुसले. "मी बरं आहे म्हणाले होते. तुम्ही समोरच होतात, आक्का. तुम्ही ऐकलंत. तीनदा म्हणाले. ताईला विचारा, वही बघा."

"लिहिलेलं लिहिलंय. मला काय वाचता येतं?"

"वरच्या शेडही बंद आहेत, आक्का."

"माहीत आहे मला."

चिमणीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, डोळ्यात बी गेलं असेल तर शोधावं तसं. मग ती गेली. बाटली तिच्या जागेवरच राहिली.

घरी धाकटी दारातच उभी होती. तिला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं.

"आई, चिमणीमावशी बारा आहे! बारा! ती काहीच बोललेली नाही. सात तर..." तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं.

"बोल की. सात कोण?"

"मी जाते मालकाकडे. सांगते त्यांना, मोजायला चुकलात म्हणून."

"जा," आक्का म्हणाली. चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या. "जा, सांग. मग तो विचारील सातवी कोण. ते सांग. मग तुझ्या कॉलेजला कळू दे, की नाव लपवते म्हणून बायांना बोलतं केलंस आणि क्रमांक असे घातलेस की शेंबड्या पोरानं बोटावर मोजून माणूस काढावं. मग बघ ते सोनेरी अक्षर राहतं का."

"ओळीनं घाल असं तू म्हणाली होतीस!"

"मी दुसरी शिकलेय. तू किती शिकलीस?"

धाकटी दारात होती, एक पाय उंबऱ्याबाहेर. आक्का वाट बघत होती. खरंच बघत होती. पोरगी गेली असती तर आक्कानं तिला शिव्या घातल्या असत्या आणि अडवलं नसतं. पण थोड्या वेळानं धाकटीनं पाय आत घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. निकाल आठ दिवसांवर होता.

स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. हात ओले होते.

"ती बाटली तिची होती, आत्या," ती म्हणाली. "त्या दिवशी मला दिली ती."

"मला माहीत आहे कुणाची होती ते."

"मला काढलं असतं तर मी घरी बसले असते. दोन घास कमी खाल्ले असते. तिच्या घरी खाणारा आंधळा आहे."

"तुझ्यासाठी केलं मी."

सुनेनं तिच्याकडे नीट बघितलं. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी तुमच्याकडे एकदाच काहीतरी मागितलं होतं."

ती आत गेली. भांडी आपटतील असं आक्काला वाटलं. आपटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आक्का सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचली. दोन ठोक्यांत पत्र्याची पेटी उखडली आणि कोपऱ्यात फेकली. गळ्यातली दोरी मात्र काढायची राहून गेली, किल्ली छातीवर तशीच लोंबत होती. बाया आल्या, आपापल्या डब्यांवर बसल्या. चिमणीची जागा मोकळी.

"सरका," आक्का म्हणाली. "एकेक जागा पुढे या. दाराशी वारा आहे."

कुणी सरकलं नाही. ढोलीनं डोक्याचं फडकं नाकावर ओढलं आणि खुडायला लागली.

"ऐकू येत नाही का? आणि हे बघा, नळ खुला केलाय. आजपासून दिवसभर खुला. जिला जेव्हा वाटेल तेव्हा हात धुवा. मालकानं सांगितलंय." तिनं उठून तोटी फिरवली. आधी नुसता फुसफुस वारा आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. एवढ्या वर्षांत कामाच्या वेळी त्या शेडमध्ये पाण्याचा आवाज झाला नव्हता. आक्का नळापाशी उभी होती. पाणी फरशीवरून वाहत दाराकडे चाललं होतं.

एकही बाई उठली नाही. माल मऊ होता, देठ सालीसकट निघत होते. काट्यापाशी कुणीतरी पोतं ओतलं, खकाणा उडाला, दोघी-तिघी खोकल्या. डोळे पुसायला मनगटं वर गेली. नळाकडे कुणी बघितलं नाही.

वरून काचेवर टकटक झाली. पाणी वाया चाललं होतं. आक्कानं तोटी बंद केली आणि आपल्या डब्यावर येऊन बसली.

मग सून उठली. ओळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आली. चिमणीच्या डब्यापाशी वाकून तिनं बाटली उचलली, नळाखाली धरून भरली, चिंधी पिळली, परत आत सोडली. बाटली चिमणीच्या पालथ्या डब्यावर ठेवली, आक्काच्या बरोबर समोर. आणि आपल्या जागेवर गेली.

दुपारपर्यंत ती चिंधी ओळीभर फिरली. ढोलीनं डोळे पुसले, शेजारणीला दिली, तिनं तिच्या शेजारणीला. प्रत्येक वेळी कुणीतरी उठायची, चिंधी बाटलीत बुडवायची आणि बाटली परत त्याच डब्यावर ठेवायची. डब्याची वेळ झाली. आज नळाकडे कुणी धावलं नाही.

आठ दिवसांनी धाकटी धावत शेडमध्ये आली. कॉलेजात पहिली आली होती. बायांनी माना वर केल्या, बरं झालं म्हणाल्या, परत खाली घातल्या. धाकटीला बसायला जागा हवी होती. ती मोकळ्या डब्याकडे वळली, त्यावरची बाटली बघितली आणि उभीच राहिली. थोडा वेळ उभी राहून निघून गेली.

त्या दिवशी आक्काच्या डोळ्यात बी उडालं. तीस वर्षांत शंभरदा उडालं असेल. समोरून चिंधी यायची, ती घ्यायची नाही, पण यायची. आज डोळ्यातून पाण्याची धार लागली, बोटं पेटली होती, त्यामुळे डोळ्याला हात लावायची सोय नव्हती. बाटली समोर होती. हात लांबवला असता तर पोचला असता.

"आक्का," ढोली म्हणाली, "डोळा लाल झालाय."

"हात चालू द्या," आक्का म्हणाली, आणि एका डोळ्यानं खुडत राहिली.